घरच्या संगणकावर कार्यालयाचे व्हीपीएन कसे बसवावे

करसल्लागाराच्या किंवा सनदी लेखापालाच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना महिन्याच्या वीस तारखेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची बहुतेक अशिलांची ती शेवटची तारीख असते, टॅलीचा सगळा डेटा कार्यालयातल्या एकाच संगणकावर असतो, आणि नेमके त्याच आठवड्यात कोणाच्या तरी घरी आजारपण निघते किंवा पावसाने रस्ता बंद होतो. अशा वेळी घरी बसून कार्यालयातल्या संगणकावर काम करता यावे, यासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत नेणारी कुलूपबंद खासगी वाट, हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. अशा लहान कार्यालयांचे संगणक सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि या लेखात मुख्यतः घरच्या बाजूने काय करावे लागते ते सांगणार आहे. एक विनंती सुरुवातीलाच करतो: हे काम महिन्याच्या पाच-सात तारखेला, हातात निवांत दोन तास असताना करावे. एकोणीस तारखेच्या रात्री करायला घेऊ नये.

व्हीपीएन जोडले की आपल्या संगणकात एक आभासी नेटवर्क कार्ड तयार होते. कार्यालयाच्या पत्त्यावर जाणारी माहिती आधी या कार्डाकडे येते, तिथे ती कुलूपबंद होते आणि मग घरच्या नेहमीच्या ब्रॉडबँडवरून कार्यालयाच्या राउटरपर्यंत पोहोचते. राउटर आपल्याकडच्या किल्लीने ती उघडतो आणि आतल्या संगणकाकडे सोपवतो. वाटेतल्या कोणालाही त्या माहितीचा अर्थ लागत नाही, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये पाऊल ठेवता येत नाही.

हा खटाटोप वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी एक आडवाट काढलेली दिसते. कार्यालयाच्या राउटरमध्ये ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याच्या विंडोजच्या सोयीचा) पोर्ट, म्हणजे क्रमांकाचे दार, सरळ इंटरनेटसाठी उघडून दिलेला असतो, आणि ‘आमचे तर इतकी वर्षे असेच चालले आहे’ असे सांगितले जाते. अशाच एका कार्यालयात मी इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटीच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ४६२५ या क्रमांकाच्या नोंदींनी पडदा भरून गेला. हा क्रमांक फसलेल्या लॉगिनचा असतो. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, टेस्ट अशी नावे एकामागून एक घेऊन दर काही सेकंदांनी कोणीतरी दार ठोठावत होते, आणि तेही रात्री दोन वाजता, कार्यालयाला कुलूप असताना. २०१९मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघडकीस आली, तिच्यामुळे विंडोज ७ आणि त्याआधीच्या संगणकांत या दारातून पासवर्डशिवायही शिरता येत होते. पोर्टचा क्रमांक बदलून हा धोका टळत नाही, कारण सगळे पोर्ट तपासत फिरणारे प्रोग्राम असतात. अशिलांचे पॅन, बँक खाती आणि हिशेब ज्या संगणकावर आहेत, त्याचे दार रस्त्यावर उघडे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मी मनापासून मानतो. व्हीपीएन बसवले की राउटरमधली ती ३३८९ची वाट त्याच दिवशी बंद करावी.

सुरुवात करण्यापूर्वी

कार्यालयाच्या बाजूची मांडणी तिथला जाणकार करील असे मी धरून चालतो. आजकालच्या बऱ्याच राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हरची सोय आतच असते. मात्र कार्यालयाच्या इंटरनेट जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे का, हे आधी पाहून घ्यावे, नाहीतर पुढचे सगळे श्रम वाया जातात. त्यासाठी राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट या सदराखाली दिसणारा पत्ता लिहून घ्यावा आणि मग कोणत्याही ‘माझा आयपी कोणता’ सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर ठीक. राउटरमधला पत्ता १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या कोणत्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे असे समजावे. भारतातल्या फायबर जोडण्यांत हे सर्रास आढळते. अशा जोडणीवर बाहेरून आत येता येत नाही, म्हणून कार्यालयासाठी कंपनीकडून स्थिर पत्ता मागून घ्यावा लागतो आणि त्याचे वेगळे शुल्क भरावे लागते. घरच्या जोडणीला मात्र ही अट नाही. घरून आपण बाहेर जाणारे असतो, त्यामुळे घरचा पत्ता सामायिक असला तरी काही बिघडत नाही.

पुढची माहिती कार्यालयाकडून लेखी घ्यावी: सर्व्हरचा पत्ता, व्हीपीएनचा प्रकार, त्या प्रकाराला लागणारी किल्ली किंवा पासवर्ड, कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कचा पत्ता आणि आपल्याला ज्या संगणकावर काम करायचे आहे त्याचा अंतर्गत पत्ता. शेवटच्या दोन गोष्टी विचारायला बहुतेक जण विसरतात आणि मग जोडणी होऊनही काम होत नाही.

प्रकाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पीपीटीपी कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. ते नव्वदच्या दशकातले आहे, आणि त्यात वापरली जाणारी पासवर्डची पद्धत खात्रीने फोडता येते हे २०१२मध्ये दाखवून दिले गेले. एल२टीपी अजून पुष्कळ कार्यालयांत आहे, ते पूर्वसामायिक किल्लीवर, म्हणजे सर्वांना आधीच दिलेल्या एकाच गुप्त किल्लीवर चालते, पण त्याच्या कुरबुरी फार. आयकेईव्ही२ चांगले आहे. ओपनव्हीपीएनही चांगले आहे. त्यात कार्यालयाकडून एक फाइल मिळते, ती प्रोग्राममध्ये घातली की काम होते. निवड माझ्या हातात असेल तर मी वायरगार्ड घेतो. ते २०२०मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाले, त्याचा कोड आकाराने लहान असल्यामुळे तपासायला सोपा आहे, आणि जुन्या संगणकावरही ते हलके चालते.

विंडोजमधली अंगची सोय

कार्यालयात एल२टीपी किंवा आयकेईव्ही२ असेल तर घरी वेगळा प्रोग्राम घ्यावा लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात व्हीपीएन, आणि तिथे अ‍ॅड व्हीपीएन असा क्रम आहे. पहिल्या रकान्यात विंडोज बिल्ट-इन हा एकच पर्याय असतो, तो निवडावा. जोडणीचे नाव आपल्याला ओळखता येईल असे काहीही द्यावे. सर्व्हरच्या रकान्यात कार्यालयाचा सार्वजनिक पत्ता किंवा नाव लिहावे. प्रकाराच्या रकान्यात ‘ऑटोमॅटिक’ ठेवू नये; तसे ठेवले तर विंडोज एकेक प्रकार आजमावत बसते आणि चूक नेमकी कुठे आहे ते कळत नाही. एल२टीपीसाठी प्री-शेअर्ड की असलेला पर्याय निवडला की किल्लीचा रकाना उघडतो. त्यानंतर नाव आणि पासवर्ड भरून सेव्ह करावे. पत्ता, किल्ली आणि पासवर्ड लिहिताना कळफलक इंग्रजीवर आहे याची खात्री करून घ्यावी. मराठी टायपिंग चालू राहिल्यामुळे देवनागरी आकडे पडले आणि अर्धा तास गेला, असे घडलेले आहे.

कनेक्ट दाबल्यावर क्रमांकासह चूक आली तर घाबरू नये, कारण तो क्रमांक बराच उपयोगी असतो. ६९१ आला तर नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. ७८९ आला तर बहुधा सामायिक किल्ली दोन्हीकडे जुळत नाही. ८०९ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही. एल२टीपीमध्ये याचे एक विशिष्ट कारण असते: कार्यालयातला व्हीपीएन सर्व्हर दुसऱ्या एखाद्या राउटरच्या मागे बसलेला असेल तर विंडोज स्वतःहून त्याच्याशी जोडणी करायला तयार होत नाही. त्यासाठी रजिस्ट्री एडिटर उघडून करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, पॉलिसीएजंट या मार्गाने जावे, तिथे ‘अझ्यूमयूडीपीएन्कॅप्सुलेशनकॉन्टेक्स्टऑनसेंडरूल’ (AssumeUDPEncapsulationContextOnSendRule) या नावाची डीवर्ड नोंद तयार करावी, तिचे मूल्य २ ठेवावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. नाव लांबलचक आहे, त्यात एक अक्षरही इकडचे तिकडे चालत नाही. ज्यांनी रजिस्ट्रीला पूर्वी कधी हात लावलेला नाही त्यांनी हे जाणकाराला शेजारी बसवूनच करावे.

कालपर्यंत चालणारी जोडणी आज अचानक बंद पडली आणि आपण काहीच बदललेले नाही, अशा वेळी विंडोजच्या अपडेटकडेही पाहावे. ११ जानेवारी २०२२ रोजी आलेल्या अपडेटनंतर एल२टीपीच्या पुष्कळ जोडण्या बंद पडल्या होत्या आणि दुरुस्ती यायला जवळजवळ आठवडा लागला होता. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे, घरी अजून तेच असेल तर ११ वर जाण्याचा विचार या निमित्ताने करावा.

जोडणी झाल्यावर घरचे सगळे इंटरनेट कार्यालयाच्या वाटेने जाऊ लागते, कारण विंडोजची मूळ मांडणी तशीच असते. मुलांनी शेजारच्या टॅबमध्ये व्हिडिओ लावला तरी तो कार्यालयाच्या जोडणीतून फिरून येतो, आणि दोन्हीकडचा वेग मंदावतो. हे टाळण्यासाठी रन खिडकीत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ (ncpa.cpl) लिहून नेटवर्क जोडण्यांची यादी उघडावी, आपल्या व्हीपीएनवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, नेटवर्किंग, आयपीव्ही४, पुन्हा प्रॉपर्टीज आणि अ‍ॅडव्हान्स्ड या क्रमाने जावे, आणि ‘यूज डिफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क’ यापुढची खूण काढावी. मात्र खूण काढल्यावर विंडोज फक्त व्हीपीएनने दिलेल्या पत्त्याच्या जातीचे पत्तेच तिकडे पाठवते. कार्यालयाचे संगणक वेगळ्या मालिकेत असतील तर तो मार्ग वेगळा जोडावा लागतो. हे काम कार्यालयातल्या जाणकारावर सोडावे.

वायरगार्डची मांडणी

वायरगार्डमध्ये नाव आणि पासवर्ड नसतात. प्रत्येक संगणकाकडे किल्ल्यांची एक जोडी असते: एक खासगी, जी त्या संगणकाबाहेर कधीही जाऊ द्यायची नाही, आणि एक सार्वजनिक, जी समोरच्याला द्यायची असते. दोन्ही किल्ल्या ४४ अक्षरांच्या असतात आणि दिसायला सारख्याच दिसतात, म्हणून गोंधळ होतो. सार्वजनिक किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तरी हरकत नाही. खासगी किल्ली चुकून पाठवली गेली, तर ती जोडी टाकून देऊन नवी करावी. ‘पाठवलेला संदेश पुसला’ एवढ्यावर समाधान मानू नये.

प्रोग्राम वायरगार्डच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. तो मोफत आहे. तो सुरू केल्यावर खाली डावीकडे अ‍ॅड टनेल असे बटण दिसते; टनेल म्हणजे व्हीपीएनची ही कुलूपबंद वाट. त्याच्या बाजूचा बाण दाबून ‘अ‍ॅड एम्प्टी टनेल’ निवडले की एक खिडकी उघडते आणि तिच्यात किल्ल्यांची जोडी आपोआप तयार होऊन आलेली असते. वरच्या बाजूला सार्वजनिक किल्ली दिसते. ती उचलून कार्यालयाला पाठवावी. खालच्या मोठ्या चौकटीत इंटरफेस या शीर्षकाखाली खासगी किल्ली लिहिलेली असते, तिला हात लावू नये. पडद्यावर ही सारी नावे रोमन लिपीत असतात, मी इथे त्यांचे उच्चार देत आहे.

समजा, कार्यालयाने टनेलसाठी १०.८.० ही मालिका ठरवली आहे, आपल्याला त्यातला दुसरा क्रमांक दिला आहे, आणि कार्यालयातले संगणक १९२.१६८.१ या मालिकेत आहेत. अशा वेळी इंटरफेसखाली दुसऱ्या ओळीत अ‍ॅड्रेस म्हणून १०.८.०.२/३२ लिहावे. त्यानंतर चौकटी कंसात पीअर हे नवे शीर्षक लिहून त्याखाली चार ओळी याव्यात. पहिली पब्लिककी, म्हणजे कार्यालयाकडून आलेली सार्वजनिक किल्ली. दुसरी अलाउडआयपीज, तिच्यात १०.८.०.०/२४ आणि १९२.१६८.१.०/२४ हे दोन पत्ते स्वल्पविराम देऊन लिहावेत. तिसरी एंडपॉइंट, म्हणजे कार्यालयाचा सार्वजनिक पत्ता, त्याला लागून विसर्गासारखे दोन टिंब आणि पोर्टचा क्रमांक. हा क्रमांक बहुधा ५१८२० असतो. चौथी पर्सिस्टंटकीपअलाइव्ह, तिचे मूल्य २५ ठेवावे, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक छोटा निरोप जात राहतो आणि घरचा राउटर ही वाट विसरत नाही.

अलाउडआयपीज या ओळीवर सगळे अवलंबून आहे. कोणते पत्ते टनेलमधून जायचे ते हीच ओळ ठरवते. वर दिल्याप्रमाणे लिहिले तर फक्त कार्यालयाचे काम टनेलमधून जाते आणि बाकी इंटरनेट नेहमीच्या वाटेने चालते. इंटरनेटवरच्या एखाद्या नमुन्यातून उचलून ०.०.०.०/० लिहिले तर सगळेच टनेलमध्ये शिरते, आणि कार्यालयाच्या बाजूने त्याची तयारी नसेल तर घरचे इंटरनेट बंद पडल्यासारखे होते.

सेव्ह करून अ‍ॅक्टिव्हेट दाबले की हिरवी खूण येते आणि अ‍ॅक्टिव्ह असे दिसते. इथे नव्या माणसाची हमखास फसगत होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. वायरगार्ड स्वभावाने अबोल आहे. किल्ली चुकलेली असो, पत्ता चुकलेला असो किंवा कार्यालयाचा राउटर बंद असो, हिरवी खूण दिसतेच. खरी जोडणी झाली की नाही हे त्याखालच्या ‘लेटेस्ट हँडशेक’ या ओळीवरून कळते. ती ओळ दिसत असेल आणि तिच्यापुढे काही सेकंदांपूर्वीची वेळ असेल, तरच दोन्ही टोके एकमेकांना भेटली आहेत. हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होतो, त्यामुळे तिथे दहा मिनिटांपूर्वीची वेळ दिसू लागली तर दुवा तुटला आहे असे समजावे. ट्रान्स्फरच्या ओळीत पाठवलेली माहिती वाढते आहे आणि आलेली शून्यावरच आहे, असे दिसले तर आपले निरोप जात आहेत पण उत्तर येत नाही. अशा वेळी आपली सार्वजनिक किल्ली कार्यालयाने बरोबर नोंदवली आहे का, ते आधी विचारावे.

एकाच कार्यालयातल्या दोघांना एकच फाइल देण्याचा मोह टाळला पाहिजे. एकच जोडी दोन संगणकांवर चालवली की कार्यालयाचा राउटर शेवटी ज्याच्याकडून निरोप आला त्यालाच खरा मानतो, आणि दोघांची जोडणी आळीपाळीने तुटत राहते. दोन माणसांना टनेलचा एकच क्रमांक दिला तरी ज्याची नोंद नंतर झाली त्याचेच काम चालते. प्रत्येक संगणकाला वेगळी जोडी आणि वेगळा क्रमांक, हा नियम पाळावा.

दोन पिंपळगावे

हँडशेक होतो, सगळे बरोबर दिसते, आणि तरीही कार्यालयाचा संगणक सापडत नाही, अशी तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते. महाराष्ट्रात पिंपळगाव नावाची गावे कितीतरी आहेत. पाकिटावर नुसते पिंपळगाव लिहून ते जवळच्या टपालात टाकले तर ते जवळच्याच पिंपळगावात जाणार. संगणकाचेही तसेच होते. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि कार्यालयाच्या राउटरचाही तोच आहे, असे असेल तर १९२.१६८.१.१० या कार्यालयातल्या संगणकाला आपला संगणक घरातच शोधत बसतो. पुष्कळ राउटर कारखान्यातून हाच पत्ता घेऊन येत असल्यामुळे असा योगायोग फार वेळा घडतो.

यावर उपाय म्हणजे घरच्या राउटरची मालिका बदलणे. राउटरच्या पानावर लॅन या सदरात पत्ता १९२.१६८.३७.१ असा काहीतरी वेगळा करावा आणि राउटर पुन्हा सुरू करावा. तिसरा आकडा ० ते २५५मध्ये कोणताही चालतो. ०, १ आणि १०० हे फार वापरातले असल्याने ते टाळावेत. घरातले फोन आणि संगणक नवा पत्ता आपोआप घेतात. प्रिंटर किंवा सीसीटीव्हीच्या पेटीला कोणी हाताने कायमचा पत्ता दिलेला असेल, तर तो मात्र आपल्याला नव्या मालिकेत बदलावा लागतो. प्रिंटर बंद पडल्याचे दोन दिवसांनी लक्षात येते, तेव्हा त्याचा संबंध या बदलाशी आहे हे आठवत नाही. म्हणून ते त्याच दिवशी तपासून घ्यावे. शक्य असेल तर बदल कार्यालयाच्या बाजूने केलेला अधिक चांगला, कारण मग प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी जाऊन हेच करावे लागत नाही.

टॅलीपर्यंत पोहोचणे

आता कमांड प्रॉम्प्ट उघडून कार्यालयाच्या राउटरच्या अंतर्गत पत्त्याला पिंग करावे, म्हणजे तिकडून उत्तर येते का ते पाहावे. उत्तर आले की रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडून कार्यालयातल्या संगणकाचा अंतर्गत पत्ता लिहावा. ज्या संगणकावर जायचे त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती असावी लागते. होम आवृत्ती दुसऱ्याला आत घेत नाही. घरच्या संगणकावर मात्र होम असली तरी चालते. कार्यालयातल्या त्या खात्याला पासवर्ड हवाच, कारण बिनपासवर्डाच्या खात्यावर विंडोज दुरून प्रवेश देत नाही. चार आकडी पिन टाकून उपयोग होत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. रोज पिन वापरल्यामुळे तो अनेकांना आठवत नसतो.

कार्यालयातला संगणक झोपी जाणार नाही अशी पॉवरची मांडणी करावी. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तोही चालू करून ठेवावा. रात्री वीज गेली आणि आली, एवढ्यावरून दुसऱ्या दिवशी कोणाला तरी कार्यालयापर्यंत जाऊन बटण दाबावे लागले, असे व्हायला नको. राउटर यूपीएसवर असणेही तितकेच आवश्यक आहे.

टॅलीचे फोल्डर व्हीपीएनवरून सामायिक करून घरच्या टॅलीत उघडावे का, असे अनेक जण विचारतात. माझे उत्तर नेहमी नाही असेच असते. तसे केले तर नोंदीनोंदीला वाट पाहावी लागते, आणि जतन होत असतानाच जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याची भीती राहते. रिमोट डेस्कटॉपमध्ये टॅली कार्यालयातच चालते, घरी फक्त चित्र येते. जोडणी तुटली तरी अर्धवट भरलेले व्हाउचर तसेच समोर उघडे राहते, पुन्हा जोडल्यावर पुढे सुरू करता येते.

काही अडचणी मात्र वेगळ्याच ठिकाणाहून येतात. एका घरी जुन्या संगणकाचे व्हीपीएन रोज सकाळी बंद पडायचे आणि दुपारी आपोआप चालू व्हायचे. पाहिले तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला होता. रात्री स्विच बंद केला की संगणक कित्येक वर्षे मागे जायचा, आणि इंटरनेटवरून घड्याळ जुळेपर्यंत तसाच राहायचा. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का घेऊन आलेला निरोप समोरचे टोक स्वीकारत नाही. आयकेईव्ही२ची प्रमाणपत्रेही चुकीच्या तारखेला बाद ठरतात. बटणाएवढा सेल बदलल्यावर तक्रार पुन्हा आली नाही. ज्यांना ब्राउझरमध्येही प्रमाणपत्राच्या चुका दिसतात, त्यांनी खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी.

जोडणी होते, पिंग होते, पण रिमोट डेस्कटॉप काळ्या पडद्यावर अडकतो, असे दिसल्यास माहितीच्या पाकिटाचा (पॅकेटचा) आकार मोठा होत असण्याची शक्यता असते. वायरगार्डमध्ये इंटरफेसखाली एमटीयू ही ओळ वाढवून तिचे मूल्य १३८० ठेवून पाहावे, त्यानेही जमले नाही तर १२८० करावे.

जाहिरातीतले व्हीपीएन

इतके वाचल्यावर कोणी विचारील की मोबाइलवर जाहिरात येते ते मोफत व्हीपीएन घेतले तर चालणार नाही का. त्याचा उपयोग वेगळा आहे. ते आपल्याला त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेते, आपल्या कार्यालयापर्यंत नाही. शिवाय ज्याच्या सर्व्हरमधून आपले सगळे इंटरनेट जाते, त्याला आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो ते दिसते. सर्व्हर चालवायला खर्च येतो, आणि शुल्क न घेणारा तो कशातून भरून काढतो याचा विचार प्रत्येकाने करावा. अशिलाच्या कामासाठी तर ते वापरूच नये.

कायद्याबद्दलही विचारणा होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लोकांना व्हीपीएनची सेवा देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि इतर माहिती पाच वर्षे जपून ठेवावी लागते. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. संस्थांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला ही तरतूद लागू होत नाही, असे सर्ट-इनने स्पष्ट केलेले आहे. म्हणजे आपल्या कार्यालयासाठी बसवलेल्या व्हीपीएनबद्दल त्या निर्देशामुळे धास्तावण्याचे कारण नाही.

घरचा संगणक आता कार्यालयाचा भाग आहे

हे सगळे जमले की घरचा संगणक कार्यालयाच्या नेटवर्कमधला एक संगणक होतो, आणि त्यावर एखादा व्हायरस असेल तर त्यालाही तीच वाट मोकळी होते. म्हणून कामासाठी विंडोजमध्ये वेगळे खाते करावे आणि मुलांच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत. वायरगार्डचे टनेल मात्र एका खात्यापुरते नसते. एकदा चालू केले की ते संपूर्ण संगणकाला लागू होते. त्यामुळे काम संपले की डीअ‍ॅक्टिव्हेट दाबून मगच खुर्चीवरून उठण्याची सवय लावून घ्यावी. चोरट्या मार्गाने मिळवलेली सॉफ्टवेअर ज्या संगणकावर आहेत त्यावर कार्यालयाचे व्हीपीएन बसवायला मी नकार देतो, त्यावरून काही जण नाराज झाले तरीही.

कार्यालयाच्या बाजूने एक नोंदवही ठेवावी: कोणत्या क्रमांकाचे टनेल कोणाच्या कोणत्या संगणकाला दिले आणि केव्हा दिले. कर्मचारी नोकरी सोडून गेला, संगणक विकला गेला किंवा लॅपटॉप प्रवासात हरवला, तर त्याच दिवशी राउटरमधली त्याची नोंद पुसावी. वायरगार्डमध्ये ही दोन मिनिटांची गोष्ट आहे, बाकी कोणाच्या जोडणीला त्याने धक्का लागत नाही. एल२टीपीमध्ये पूर्वसामायिक किल्ली सगळ्यांची एकच असते, त्यामुळे एक माणूस गेला की ती बदलून उरलेल्या प्रत्येकाच्या घरच्या संगणकावर नवी भरावी लागते.